फुकटचा उतार: पिट्सबर्ग ते वॉशिंग्टन, सायकलवर सात दिवस

गाड्या नसलेला रस्ता म्हटलं की लोकांना वाटतं सोपा असणार, मलापण वाटलं होतं, आणि दादाला मी हेच सांगून तयार केलं होतं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा, एक गुडघा बरा आणि एक तक्रारखोर. म्हटलं दादा, जुन्या रेल्वेचा मार्ग आहे, चढ असा नाहीच. तर तो म्हणाला, "चढ नाही म्हणजे उतारपण नसणार ना रे?" तेव्हा मी हसलो होतो.

मार्ग असा की अमेरिकेतल्या पिट्सबर्गपासून कंबरलंडपर्यंत ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, १५० मैल, जवळजवळ सगळा बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर. तिथून पुढे थेट वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनपर्यंत चेसापीक अँड ओहायो कालव्याची टोपाथ, १८४.५ मैल. टोपाथ म्हणजे कालव्याच्या काठाची ती वाट जिच्यावरून खेचरं दोराने होड्या ओढत चालायची. दोन्ही मिळून साधारण ५४० किलोमीटर. मैलाचे दगड लागतात म्हणून मी पुढे मैलच लिहितोय, सवय होते दोन दिवसांत.

माझी ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची, ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. दादाची हायब्रिड, ३५ चे जवळपास गुळगुळीत टायर आणि दोन्ही चाकांना छान चकचकीत मडगार्ड. मडगार्ड लक्षात ठेवा.

दिवस पहिला, पिट्सबर्ग ते वेस्ट न्यूटन, ३६ मैल

ऑक्टोबरचा मध्य. सुरुवात पॉइंट स्टेट पार्कमधून, जिथे ॲलेगेनी आणि मोनाँगाहेला मिळून ओहायो नदी होते. फोटो काढण्यात आणि दादाच्या पॅनियरचा, म्हणजे कॅरिअरला लटकवायच्या पिशवीचा, पट्टा तीनदा बांधण्यात अकरा वाजले. शहरातून निघताना डांबरी वाट आहे, नदीच्या कडेने, आणि मग एकेक पूल लागतात ज्यांचं नावच हॉट मेटल ब्रिज आहे, कारण त्यांच्यावरून खरंच वितळलेलं लोखंड रेल्वेच्या भांड्यांतून नदीपार जायचं. होमस्टेडला जुन्या स्टील मिलच्या धुरांड्यांची रांग उभी आहे, खाली आता मॉल आहे. १८९२ चा तो प्रसिद्ध संप इथलाच, कामगार आणि पिंकर्टनची भाडोत्री माणसं यांच्यात गोळीबार झाला होता. दादा युनियनवाला माणूस, तिथून हलायलाच तयार नव्हता, पाट्या वाचत बसला. मी घड्याळ बघत.

मॅकीसपोर्टला मोनाँगाहेला सोडून योकोगेनी नदी धरायची. हे स्पेलिंग इंग्रजीत इतकं विचित्र आहे की तिथले लोकपण नुसतं यॉक म्हणतात, आम्हीपण यॉकच म्हणायला लागलो. इथून खरी खडी सुरू होते, चुनखडीची बारीक दाबून बसवलेली कच, सायकलखाली तिचा एकसारखा खरखर आवाज येतो. पहिला तासभर तो आवाज आला आणि मग एकदम कळलं की दुसरा कुठलाच आवाज नाहीये. रस्त्यावर सायकल चालवताना आपला एक कान कायम मागे असतो, येणारी गाडी किती लांब आहे ते मोजत, आणि तो कान बंद केल्यावरच कळतं की तो चालू होता.

मध्ये एका ठिकाणी डोंगरातून येणारा ओहोळ लागला तो चक्क नारिंगी, दगडसुद्धा नारिंगी. बंद पडलेल्या कोळशाच्या खाणींचं पाणी आहे ते. खाणीतल्या लोह आणि गंधकाच्या खनिजाला पाणी आणि हवा लागली की आम्ल होतं, त्यात लोखंड विरघळतं आणि बाहेर उजेडात आलं की गंज होऊन खाली बसतं. खाण सोडून मालक निघून गेला, पाणी अजून ड्यूटीवर आहे.

दिवस दुसरा, वेस्ट न्यूटन ते कॉन्फ्लुएन्स, ५२ मैल

आज कळलं दादा काय म्हणत होता ते.

रेल्वेचं लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, त्यामुळे चढ अगदी हलका ठेवावा लागतो, म्हणून हा अख्खा मार्ग डोंगरातून जातो तरी या बाजूला चढ एक टक्क्याच्याही आत आहे. ऐकायला छान. पण त्याचा अर्थ असा की सकाळी आठला पायडल मारायला सुरुवात केली की संध्याकाळपर्यंत मारतच राहायचं. घाटात कसं असतं, तासभर जीव काढायचा आणि मग पंधरा मिनिटं हात सैल सोडून खाली यायचं, बूड सीटवरून उचलायचं, पाय ताणायचे. इथे नाही. पाय थांबवले की पाच-सहा सेकंदांत सायकल थांबते. त्यात हा चढ डोळ्याला दिसतच नाही, रस्ता सपाट वाटतो, मग वाटतं आपलीच तब्येत खराब आहे किंवा ब्रेक घासतोय. मी दोनदा उतरून ब्रेक तपासला. दादाने एकदाही नाही, तो म्हणाला "मी सांगितलं होतं".

उपाय सापडला तो असा की दर वीस मिनिटांनी दोघांनी पायडलवर उभं राहून तीस मोजायचे. फार हास्यास्पद दिसतं, पण बूड वाचतं. हँडलवर पकड बदलत राहायची, करंगळ्या बधिर होतात नाहीतर.

कॉनेल्सव्हिल हे एकेकाळी कोकचं गाव, म्हणजे कोळसा भट्टीत भाजून जो कोक होतो तो. तो पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांना जायचा. वाटेच्या कडेला त्या विटांच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या भट्ट्या झाडीत गाडल्यासारख्या अजून आहेत, आत नेचे उगवलेत. मग कॉनेल्सव्हिल ते ओहायोपाइल, १७ मैल, आणि हा तुकडा म्हणजे नुसतं जंगल. डाव्या-उजव्या अंगाला लाल, पिवळी, विटकरी पानं, वाटेवर पानांचा थर, खाली खोल यॉक पांढरी होऊन पळतेय आणि तिच्यात राफ्टवाले ओरडतायत. पलीकडच्या काठाने मालगाडी जाते, तिचा भोंगा दरीत घुमतो. मी बऱ्याच ठिकाणी सायकल चालवलीय पण सलग दोन तास एकही रस्ता आडवा आला नाही असं क्वचितच झालंय.

ओहायोपाइलला धबधबा बघितला, उंचीला वीसेक फूटच आहे पण रुंद आणि मोठा आवाज करणारा. या मार्गाचा पहिला तुकडा इथेच खुला झाला, १९८६ मध्ये, आणि पिट्सबर्गच्या टोकापर्यंत सगळा जोडायला २०१३ उजाडलं. जवळच, चारेक मैलांवर, फ्रँक लॉइड राइटने धबधब्यावर बांधलेलं ते फॉलिंगवॉटर घर आहे. गेलो नाही. कारण तिकडे जायला गाड्यांचा, वळणाचा, चढाचा रस्ता आणि दीड दिवसात आम्ही इतके लाडावलो होतो की त्या रस्त्याच्या तोंडाशी उभं राहून एक ट्रक गेलेला बघितला आणि मागे फिरलो. आता वाईट वाटतं. दादाला वाटत नाही.

कॉन्फ्लुएन्सला तीन प्रवाह एकत्र येतात, कॅसलमन नदी, लॉरेल हिल क्रीक आणि यॉक. वरून बघितलं तर टर्कीच्या पायाच्या ठशासारखं, म्हणून जुनं नाव टर्कीफूट. रात्री तंबूत ब्रेडवर शेंगदाण्याची चटणी पसरून खाल्ली आणि साडेआठला झोपलो.

दिवस तिसरा, कॉन्फ्लुएन्स ते कंबरलंड, ६२ मैल

हा दिवस मी जरा जास्त लिहिणार आहे.

सकाळी धुकं, बोटं गार, कॅसलमनच्या काठाने हळूहळू वर. पिंकर्टन बोगदा ८४९ फुटांचा, बरीच वर्षं बंद होता, तेव्हा लोकांना नदीच्या वळणाने दीड मैल फिरून जावं लागायचं. २०१५ ला उघडला. आम्ही मुद्दाम बोगद्यातून गेलो, मिनिटभरात संपला. मायर्सडेलच्या आधी सॉल्सबरी व्हायाडक्ट लागतो, १९०८ फूट लांब, जुना रेल्वे पूल, खाली नदी, शेतं, हायवे आणि चालू रेल्वेलाइन, सगळं एकाच नजरेत. हायवेवरच्या गाड्या खेळण्याएवढ्या, आवाज नाही. दादा म्हणाला गाड्या असाव्यात तर अशा.

मायर्सडेलनंतर चढ जाणवतो, म्हणजे जाणवतो असंपण नाही, गिअर एक-एक करून आपोआप खाली येत जातात. कॉन्फ्लुएन्सपासून इथपर्यंत साधारण हजारेक फूट वर आलो होतो, ३८ मैलांत. शेवटी एका छोट्या पुलाखालचा रस्ता लागतो आणि तिथे भिंतीवर लिहिलंय ईस्टर्न कॉन्टिनेंटल डिव्हाइड, २३९२ फूट. इथे पडणारा पाऊस पश्चिमेला गेला तर ओहायो, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखातात, आणि पूर्वेला गेला तर पोटोमॅकमधून चेसापीक उपसागरात. भिंतीवर मार्गाचा उभा छेद काढलाय, पिट्सबर्गच्या बाजूला लांबलचक आळशी रेघ आणि कंबरलंडच्या बाजूला घसरगुंडी. २४ मैलांत १७०० फुटांहून जास्त.

दादाने त्या रेघेवर बोट ठेवलं, म्हणाला, "हे आपलं." आणि हेल्मेटचा पट्टा घट्ट केला.

आणि मग आयुष्यातला सगळ्यात लांब फुकटचा उतार. दोन टक्क्यांच्या आतलाच आहे, म्हणजे ब्रेक दाबून धरायची गरज नाही आणि पायडलची तर नाहीच, सायकल स्वतःच ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जात राहते, जशी काय तिला घरी जायचंय. थोडं खाली बिग सॅव्हेज बोगदा, ३२९४ फूट, आत दिवे आहेत पण थंडी अशी की श्वास दिसतो. हा १९१२ चा. हिवाळ्यात याचे दरवाजेच बंद करतात, आत गोठणारं पाणी अस्तर फोडतं म्हणून, त्यामुळे डिसेंबरनंतर यायचा बेत असेल तर आधी चौकशी करा. बोगद्यातून बाहेर पडलो आणि समोर सगळं मेरीलंड पसरलेलं, डोंगरामागे डोंगर, निळे होत गेलेले. तिथे बाक आहे. बसलो. अर्धा तास कोणी काही बोललं नाही, आणि दादा गप्प बसणं ही माझ्या मते त्या जागेची सगळ्यात मोठी पावती.

दीड मैलावर मेसन-डिक्सन रेषा, चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोघांनी १७६३ ते १७६७ मध्ये मोजलेली, वाटेत दगडात आखून ठेवलीय. एक चाक पेनसिल्व्हेनियात, एक मेरीलंडमध्ये असा सगळे काढतात तो फोटो आम्हीपण काढला. फ्रॉस्टबर्गपासून खाली पर्यटकांच्या रेल्वेचे रूळ शेजारी येतात आणि ब्रश टनेल तर गाडी आणि सायकल दोघांना एकच आहे. गाडी आत असेल तर बाहेर थांबायचं. आमच्या वेळी नव्हती, पण दादाने आत शिरण्याआधी रुळाला हात लावून बघितला, सिनेमातल्यासारखा.

चोवीस मैलांत मी पायडल किती मारले असतील, शंभरएक. कंबरलंडला उतरून जमिनीवर उभा राहिलो तर पाय गार पडलेले आणि गाल हसून दुखत होते.

दिवस चौथा, कंबरलंड ते पॉ पॉ बोगद्याच्या पुढे, ३१ मैल

रात्रभर पाऊस.

पॅसेज संपतो त्याच चौकात कालव्याची वाट सुरू होते. मैल १८४.५. फरक मात्र शंभर पावलांत कळतो. कालव्याची वाट बऱ्याच भागात चुनखडीच्या कचेची नाही, माती आहे, मध्ये गवताची पट्टी आणि दोन बाजूंना चाकोऱ्या, आणि पाऊस पडला की चाकोऱ्यांचे ओहोळ. अलीकडच्या वर्षांत बराच भाग कच टाकून नीट केलाय पण तो पुढे खाली.

आठव्या मैलाला दादाची सायकल थांबली. म्हणजे दादा पायडल मारतोय आणि चाक फिरत नाही. मडगार्ड आणि टायरच्या मधे चिकणमाती आणि ओली पानं अशी ठासून बसली होती की विटेसारखी. काडीने उकरली, अर्ध्या मैलात परत. चौथ्यांदा झाल्यावर त्याने काही न बोलता ॲलन की मागितली आणि दोन्ही मडगार्ड काढून पॅनियरवर आडवे बांधले. त्यानंतर तो पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन वॉशिंग्टनपर्यंत आला. इकडे येणाऱ्यांना एवढंच सांगेन, पावसाची शक्यता असेल तर मडगार्ड एकतर खूप उंच हवेत किंवा नकोत.

याच दिवशी दादाला लॉकचं वेड लागलं. कालवा म्हणजे सपाट पाण्याचे तुकडे. एका तुकड्यातून खालच्या तुकड्यात होडी उतरवायची तर दोन दरवाज्यांमधल्या दगडी खणात तिला घ्यायचं, पाणी सोडायचं, खाली गेली की पुढचा दरवाजा उघडायचा. असे ७४ लॉक मिळून कालवा ६०५ फूट उतरतो. म्हणजे एकेका लॉकला साधारण आठ फूट. आणि वाट कालव्याच्या काठाने असल्यामुळे तीपण मैलोन्‌मैल चक्क सपाट, आणि लॉक आलं की एक छोटासा उतार, सायकलचे तीन-चार सेकंद. दादाने हिशोब मांडला की इथून पुढे उतार एवढाच, ७४ तुकड्यांत, मग एकही वाया घालवायचा नाही. खिशात वही. लॉक आलं की पायडल बंद, खाली घसरायचं, थांबायचं, रेघ मारायची.

पॉ पॉ बोगदा ३११८ फुटांचा, कालव्याचाच. नदीची सहा मैलांची वळणं टाळायला १८३६ मध्ये खणायला घेतला, दोन वर्षांत होईल म्हणून, झाला १८५० मध्ये. साठ लाखांहून जास्त विटा आहेत आत. दिवे नाहीत. खेचराच्या रुंदीची वाट, लाकडी कठडा, शेजारी काळं पाणी. सायकल हातात धरून चाललो, टॉर्चच्या उजेडात कठड्यावर दोरांनी घासून पडलेले खाचे दिसतात. असं सांगतात की एकदा दोन होड्या आत समोरासमोर आल्या आणि मागे कोणीच हटेना, शेवटी तोंडाशी धूर करून त्यांना बाहेर काढलं. अर्ध्या वाटेत वरून मानेवर पाण्याचा थेंब पडला तेव्हा मी ओरडलो, हे दादाने घरी सगळ्यांना सांगितलंय म्हणून इथे कबूल करतो.

बाहेर आल्यावर लॉकची गडबड झाली. ६६ नंतर पाटीवर ६४ पूर्णांक दोन तृतीयांश. पुढचं ६३ पूर्णांक एक तृतीयांश. दादाला वाटलं थकव्याने डोळे गेले. खरी गोष्ट अशी की ६५ नंबरचं लॉक बांधलंच नाही, पैसे वाचवायला चारांचं काम तीनांत उरकलं, पण पुढचे नंबर आधीच दिलेले, मग मधले अपूर्णांकात वाटून टाकले. म्हणून नंबर ७५ पर्यंत जातात आणि लॉक ७४. दादाच्या वहीत तिथे खाडाखोड आहे.

कालव्याच्या काठाला दर काही मैलांवर फुकट कॅम्पसाइट, पाण्याचा हातपंप, टॉयलेट, शेकोटीची जागा. आधी येईल त्याची. पाण्याला आयोडिनचा वास येतो, चहात लपतो. त्या रात्री आम्ही दोघंच, आणि पोटोमॅक.

दिवस पाचवा, विल्यम्सपोर्टपर्यंत, ५५ मैल

चिखलाला कंटाळून पिअरजवळ शेजारच्या वेस्टर्न मेरीलंड रेल ट्रेलवर चढलो. डांबरी, समांतर, वीसेक मैल मख्खन. हॅनकॉकमध्ये पोटभर खाल्लं. बाकी काही नाही. हो, वर असल्यामुळे खालचे चार-पाच लॉक चुकले, याच्यावरून संध्याकाळी मला ऐकून घ्यावं लागलं.

दिवस सहावा, ब्रन्सविकपर्यंत, ४४ मैल

बिग स्लॅकवॉटरला कडा थेट नदीत उतरतो, कालवा खणायला जागाच नाही, म्हणून होड्या तेवढ्यापुरत्या नदीतूनच जायच्या. खेचरांची वाट कड्याला चिकटून, आता काँक्रीटची, २०१२ ला दुरुस्त करून उघडलेली. पाण्यावरून दोन हातांवर सायकल चालते, नदी शांत, एक निळसर बगळा आमच्या पुढे पुढे उडत राहिला. माझ्या मते कालव्याच्या बाजूचा सगळ्यात सुंदर तुकडा हाच.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या अँटीटमच्या रणांगणाजवळून गेलो, १७ सप्टेंबर १८६२ ला एका दिवसात तिथे वीस हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी किंवा बेपत्ता झाली. वाटेवरून काही दिसत नाही, नुसती झाडी. हार्पर्स फेरी गावाला सायकली खाली कुलूप लावून पूल ओलांडून गेलो. पूर्वेची बी अँड ओ, म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे आणि हा कालवा, दोघांचं काम एकाच दिवशी सुरू झालं होतं, ४ जुलै १८२८ ला. रेल्वे कंबरलंडला १८४२ मध्ये पोचली, कालवा १८५० मध्ये, आणि तोवर कालव्याच्या लोकांनी ओहायोपर्यंत जायचा नाद सोडला. नावात ओहायो राहिलं तेवढंच. शेवटी १९२४ च्या पुरानंतर होड्या बंदच झाल्या. दादा म्हणाला मग आपण ओहायोपासून आलो ते त्यांचं राहिलेलंच काम झालं की.

दिवस सातवा, जॉर्जटाउन, ५५ मैल

सकाळी मॉनॉकसी नदीवरचा सात कमानींचा दगडी जलसेतू, ५१६ फूट, म्हणजे नदीवरून कालवा नेणारा पूल. वाट आता कचेची, सुकी, वेगात गेलो. ग्रेट फॉल्सपासून माणसांची गर्दी, कुत्री, बाबागाड्या, सात दिवसांनी पहिल्यांदा घंटी वाजवली.

आणि इथेच दादाची मजा. ग्रेट फॉल्सच्या आसपास लॉकची रांग, आणि पुढे आठ ते चौदा असे सात तर मैल-सव्वा मैलात. उतार, रेघ, उतार, रेघ. शेवटी तो थांबेना, एका हाताने हँडल आणि दातात पेन्सिल. मी मागून ओरडतोय, दादा समोर बघ.

जॉर्जटाउनमध्ये विटांच्या इमारतींच्या मधून शेवटचे चार लॉक. मग रॉक क्रीकच्या तोंडाशी, बोटहाउसच्या मागे, शून्य मैलाचा खांब. जवळच समुद्राच्या भरतीचं पाणी अडवायचं एक जुनं टाइड लॉक आहे.

"किती झाले?"

"सदुसष्ट." वही उलटीसुलटी केली. "पाच तू घालवलेस डांबरावर. मग दोन कुठे गेले?"

मी म्हटलं पॉ पॉला खाडाखोड केलीस तिथे असतील. त्याने टाइड लॉककडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे चौऱ्याहत्तरात धरतात का रे?"

"नाही धरत."

त्याने एक रेघ मारली, आणि तिच्यापुढे कंसात प्रश्नचिन्ह.